नवी बॅटरी, बंद गाडी आणि नगर

नगर म्हणजे आपल्यासाठी काय? शिर्डीला जाताना लागणारं ट्रॅफिक आणि संभाजीनगरला जाताना मध्ये येणारा चहा. सरकारी कागदावर २०२४पासून ते अहिल्यानगर झालंय, पण रिक्षावाल्यांपासून माझ्या आजीपर्यंत सगळ्यांच्या तोंडात अजून ‘नगर’च आहे, म्हणून मीही तेच लिहिणार. तर मुद्दा असा, की नगर‘ला’ कुणी जात नाही. सगळे नगर‘वरून’ जातात. माझाही तोच प्लॅन होता. माझ्या गाडीचा मात्र वेगळाच होता!

एप्रिलमधला शनिवार. पहाटे सहाला पुण्यातून निघायचं, नगरमार्गे पाथर्डी रोड पकडायचा, करंजी घाट ओलांडून आजीचं गाव गाठायचं आणि तिला घेऊन चार वाजता पुन्हा नगरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. महिन्यापूर्वी तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. चेकअप खरं तर पुढच्या आठवड्यात होता, पण गुरुवारपासून डोळा लाल झाला होता. फोनवर डॉक्टर एवढंच म्हणाले, ‘शनिवारी चारला आणा, थांबू नका.’ मामा नेमका बाहेरगावी. उरले मी आणि माझी आठ वर्षं जुनी, सेकंडहॅण्ड घेतलेली, हॅचबॅक म्हणवणारी गाडी.

हा पुणे-नगर रस्ता तसा ऐतिहासिक बरं का. १ जून १९४८ रोजी राज्याची पहिली एसटी धावली ती याच मार्गावर. त्या बसला किती वेळ लागला असेल माहीत नाही, पण शनिवारी सकाळी वाघोली पार करायला मला जेवढा लागला त्यापेक्षा फार जास्त नसावा. शिरूरला घोड नदी ओलांडली की नगर जिल्हा सुरू होतो, हवा कोरडी होते आणि रस्ता जरा मोकळा. सुप्याला चहासाठी थांबले. वडापाव झाला, चहा झाला, गाडीत बसले, किल्ली फिरवली...

‘टक्.’

बस. एवढंच. डॅशबोर्डवरचे दिवे मलूल झाले आणि पुन्हा थोडे उजळले. पुन्हा किल्ली. पुन्हा टक्.

शेजारी एक ट्रक उभा होता. मी लगेच स्मार्टपणा करून ड्रायव्हरला विचारलं, ‘दादा, तुमच्या बॅटरीवरून जंप स्टार्ट करून द्याल का?’ तो म्हणाला, ‘ताई, माझी चोवीस व्होल्टची सिस्टीम आहे, तुमची बाराची. लावली तर तुमची गाडी जळंल ना.’ ट्रकमध्ये बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात, हे ज्ञान मला वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, सुप्याच्या टपरीवर, फुकट मिळालं. मग त्यानेच एमआयडीसीत शिफ्टला निघालेल्या चार पोरांना हाक मारली. इग्निशन ऑन, गिअर दुसरा, क्लच दाबलेला, गाडीने वेग घेतला की क्लच सोड. धक्का स्टार्ट! ऑटोमॅटिक गिअरवाल्यांनो, तुमच्या नशिबात हे सुख नाही.

इंजिन बंद होऊ द्यायचं नाही या एकाच ध्येयाने नगर गाठलं. सिग्नलवरही रेझ करत उभी. बॅटरीच्या दुकानात मीटर लावला तर ११.४ व्होल्ट. पूर्ण चार्ज झालेली, आराम करत असलेली बॅटरी १२.६च्या आसपास दाखवते. १२च्या खाली म्हणजे कारभार आटोपलाच समजा. दुकानदार म्हणाले, ‘साडेचार वर्षं चालली की ओ, अजून काय पाहिजे?’ आपल्याला वाटतं बॅटऱ्या थंडीत मरतात. थंडीत त्या फक्त उघड्या पडतात. त्यांना आतून खाते ती गरमी, आणि ती नगरच्या एप्रिलमध्ये हवी तेवढी मिळते.

माझ्या मॉडेलची बॅटरी गोडाऊनवरून यायला तास लागणार होता. दहा वाजत होते. वेळ होता. मी रिक्षा केली.

रणगाड्यांच्या गावात

रिक्षावाल्याला ‘इथे बघण्यासारखं जवळ काय?’ विचारलं, तर त्याने उत्तर देण्याऐवजी मला सरळ रणगाडा संग्रहालयात नेऊन सोडलं. नगरमध्ये लष्कराचं आर्मर्ड कोअर सेंटर अॅण्ड स्कूल आहे, म्हणजे भारतीय रणगाडादळाची शाळाच. त्यांनी १९९४ साली हे कॅव्हलरी टँक म्युझियम उघडलं. इतक्या वेळा ‘नगरवरून’ जाऊन मला त्याचा पत्ता नव्हता, हे लिहायलाही लाज वाटते.

झाडांच्या सावलीत, बागेत कुंड्या मांडाव्यात तसे रणगाडे मांडलेत. पहिल्या महायुद्धाच्या जमान्यातली रोल्स-रॉईसची चिलखती गाडी (हो, तीच रोल्स-रॉईस!), ब्रिटिशांचे जाडजूड मटिल्डा आणि चर्चिल, भारतात बांधलेला विजयंता आणि ज्याच्यापुढे सगळ्यात जास्त फोटो काढले जातात तो पॅटन. १९६५च्या युद्धात पंजाबात असल उत्तरला पाकिस्तानचे पॅटन कसे अडकले, हे शाळेत वाचलेलं असतं. पण तो धूड प्रत्यक्ष समोर उभा असला की कळतं, याला अडवणं म्हणजे काय असेल. चाळीस-पन्नास टनांची ही जनावरं. यातलं एकही आता किल्लीवर सुरू होणार नाही. त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल जाम आपुलकी वाटली.

नगरचं आणि वाहनांचं नातं तसं जुनं आणि विचित्र आहे. डीआरडीओची लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई इथेच. आणि आपल्या आई-बाबांच्या पिढीची लूना, तीही नगरचीच! फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२मध्ये ती आणली. पॅडल मारायचं आणि निघायचं. इंजिनातलं मॅग्नेटो फिरलं की तिथेच ठिणगीपुरती वीज तयार, त्यामुळे सुरू व्हायला बॅटरी लागायचीच नाही. बॅटरी नाही, म्हणजे बॅटरीचं रडगाणं नाही. २०२४मध्ये तिचा इलेक्ट्रिक अवतार बाजारात आला. आता ती बॅटरीशिवाय जागची हलत नाही. काळाचा महिमा!

पुन्हा ‘टक्’

अकरा वाजता परत आले तर नवीकोरी बॅटरी बसवून तयार. साडेचार हजार दिले, जुनी त्यांनी बदल्यात घेतली (आतल्या शिशाला किंमत असते, फुकट सोडू नका). झोकात बसले. किल्ली फिरवली.

टक्.

आता मात्र पोटात गोळा आला. आधीच्या ‘टक्’ला कारण होतं. याला काय कारण? गंमत म्हणजे हेडलाइट झक्कास लागत होते, हॉर्न खणखणीत वाजत होता, पंखा फिरत होता. दुकानातल्या पोराने बॉनेटमध्ये डोकं घातलं, बाहेर काढलं आणि निकाल दिला, ‘बॅटरी ओके आहे मॅडम. स्टार्टर गेला असणार.’ गॅरेजला फोन लावला. टोइंग वेगळं, स्टार्टरचे सात-आठ हजार वेगळे आणि गाडी सोमवारी संध्याकाळी. सोमवारी!

तोवर गर्दी जमली होती. बंद पडलेली गाडी आणि तिच्याशेजारी उभी मुलगी, एवढं भांडवल आपल्याकडे सार्वजनिक चर्चासत्राला पुरतं. एक म्हणाला पेट्रोल बघा. एक म्हणाला फ्यूज. एकाने ‘किल्ली उलटी तर नाही ना?’ असंही विचारलं. दोघांनी नुसतेच सुस्कारे टाकले. मी म्हटलं, ‘पुन्हा धक्का मारू या, मला घाटापलीकडे जायचंय.’ पोरं लगेच बाह्या सरसावून तयार.

‘धक्का नका मारू,’ मागून आवाज आला.

पांढऱ्या मिशा, पायात किरकोळ चप्पल, हातात भाजीची पिशवी. काका सैन्यातून रिटायर झालेले, नोकरीभर रणगाडे दुरुस्त केलेले. नगरमध्ये अशी माणसं भाजी आणायला निघालेली सापडतात, हे या गावाचं खरं वैभव. त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि विचारलं, ‘बेटा, काल गाडी चालत होती?’

‘हो.’

‘मग आज काय बदललं?’

‘बॅटरी.’

‘मग स्टार्टरकडे कशाला बघायचं? ज्याला शेवटचा हात लागला, ते आधी बघायचं.’

मग मला म्हणाले, हेडलाइट लाव आणि दिव्याकडे लक्ष ठेवून किल्ली फिरव. फिरवली. टक्, आणि हेडलाइट एकदम विझल्यासारखे झाले. किल्ली सोडली, पुन्हा लख्ख. काका खूश! म्हणाले, दिवे तसेच लख्ख राहिले असते आणि इंजिन हललं नसतं, तर मीही स्टार्टरवर, त्याच्या वायरवर, नाहीतर क्लच दाबल्याशिवाय गाडी सुरू होऊ न देणाऱ्या स्विचवर संशय घेतला असता. पण दिवे झोपतात याचा अर्थ स्टार्टर करंट मागतोय आणि तो मध्येच कुठेतरी अडतोय. किंवा मग नवी बॅटरीच कच्ची आहे. दुकानात महिनोन्‌महिने पडून राहिलेली ‘नवी’ बॅटरीसुद्धा उतरलेली असू शकते. मीटर लावला तर १२.६. बॅटरी निर्दोष.

‘पण काका, दिवे तर लागतात ना?’ हा माझा प्रश्न. तुमचाही तोच असेल. त्यांचं उत्तर मला इतकं आवडलं, की जसंच्या तसं सांगते. विहिरीवरच्या पाइपात चिंधी अडकली, तर नळाला तांब्याभर पाणी येतंच. पण त्याच पाइपावर शेत भिजवायला जा, काही येत नाही. दोन्ही हेडलाइट मिळून खातात दहाएक अँपिअर. स्टार्टर एका झटक्यात शंभर, कधी त्याहून जास्त. जोडणीत नखभर अडथळा असला तरी दिव्यांना तो जाणवत नाही, स्टार्टरचा मात्र गळा दाबला जातो. हिशेबच करायचा तर एका ओहमचा विसावा भाग एवढा अडथळा धरा. दहा अँपिअरला अर्धा व्होल्ट वाया जातो. शंभरला पाच! बारातून पाच गेले, उरले सात. सात व्होल्टवर स्टार्टर काय कपाळ फिरवणार?

मग काकांनी बॅटरीच्या निगेटिव्हवर बसवलेला क्लॅम्प दोन बोटांत धरला आणि नुसता फिरवला. तो फिरला. नट शेवटपर्यंत आवळलेला, पाना लावला तरी पुढे जात नव्हता, दिसायला एकदम टाइट. आणि तरी क्लॅम्प बोटांनी फिरत होता. वर गरमही लागत होता. सारखी किल्ली फिरवल्यावर जिथे जोडणी कच्ची तिथेच चटका लागतो.

हे असं का झालं, ते कळल्यावर मला कुणावर चिडायचं तेच कळेना. बॅटरीच्या वर जे शिशाचे दोन खुंट असतात, ते सगळ्या बॅटऱ्यांना सारखे नसतात. छोट्या गाड्यांच्या काही बॅटऱ्यांना बारीक खुंट येतात, चौदा-पंधरा मिलिमीटरचे. बाकीच्यांना जाड, साधारण अठरा ते वीसचे. माझ्या गाडीच्या आधीच्या मालकाने केव्हातरी मोठी, जाड खुंटांची बॅटरी टाकली होती आणि तिच्यासाठी क्लॅम्पही बदलून मोठे घेतले होते. दुकानदारांनी कॅटलॉग बघून कंपनीच्या हिशेबाने बरोबर बॅटरी दिली. बारीक खुंटांची. क्लॅम्प राहिले जाड. म्हणजे सगळे आपापल्या जागी बरोबर, आणि गाडी बंद. कुठल्याही ऑफिसात हा सीन तुम्ही पाहिला असेल!

दुकानदारांनीही मान्य केलं, आणि खुंटावर चढवायची शिशाची टोपी शोधून काढली. दोन टोप्या, पन्नास रुपयेसुद्धा नाहीत. घेतलेच नाहीत त्यांनी. काकांनी पोराला समोर उभं करून सगळं पुन्हा करून घेतलं. सोडताना आधी निगेटिव्ह, लावताना आधी पॉझिटिव्ह. का? गाडीचा अख्खा सांगाडा निगेटिव्हला जोडलेला असतो. निगेटिव्ह सोडलेलं नसताना पॉझिटिव्हवरचा पाना चुकून बॉडीला टेकला, तर दिवाळी. क्लॅम्पच्या आतली पांढरी-हिरवी बुरशी पॉलिश पेपरने घासली. इंजिनाकडून बॉडीकडे जाणारी अर्थची जाड वायर हाताने हलवून बघितली. मग टोप्या, क्लॅम्प, नट. ‘आता फिरव बघू,’ पोराला म्हणाले. तो क्लॅम्प फिरवायला गेला. हलला नाही.

किल्ली. अर्ध्या सेकंदात इंजिन सुरू. बाराला पाच कमी. गर्दीने टाळ्या वाजवल्या, खोटं नाही सांगत.

‘पण धक्का का नको म्हणालात?’ मी विचारलं. काका गंभीर झाले. धक्क्याने सुरू झाली असती, म्हणाले. आणि ढिला क्लॅम्प घेऊन तू घाटात गेली असतीस. चालत्या इंजिनात बॅटरीची जोडणी सुटली, की अल्टरनेटरचा दाब सांभाळणारं कुणी उरत नाही. व्होल्टेज उसळतं आणि कॉम्प्युटर जळू शकतो. इंजिन बंद पडलं तर स्टिअरिंग जड, ब्रेक जड. वळणावर, मागे ट्रक. ‘सैन्यात आम्ही ठेवायचो दुसरी सोय. टी-५५, टी-७२ला बॅटरी बसली, तर दाबलेल्या हवेच्या बाटल्या असतात. हवा सोडायची, इंजिन फिरतं. तुझ्या गाडीला आहे का हवेची बाटली?’ नव्हती. मी मुकाट्याने त्यांची पिशवी परत दिली. मेथी होती.

तुमच्यावर ही वेळ आली तर एवढं लक्षात ठेवा, कारण माझं झालं तसंच दर वेळी होईल असं नाही. किल्ली फिरवल्यावर काहीच नाही, दिवेसुद्धा नाहीत, तर जोडणी किंवा बॅटरीजवळचा मोठा फ्यूज. बॅटरी उलटी जोडली गेली तर पहिला तोच उडतो. इंजिन मजेत फिरतंय पण पेटत नाही, तर स्टार्टरचा काही संबंध नाही. डॅशबोर्डवर किल्लीचं किंवा कुलुपाचं चित्र लुकलुकतंय का बघा, बॅटरी काढल्यावर काही गाड्यांचं चोरीविरोधी लॉक रुसून बसतं. बाहेरून बसवलेला अलार्म असेल तर रिमोटने एकदा लॉक-अनलॉक करा, पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. आणि सुरू होऊन लगेच बंद पडत असेल, सिग्नलला थरथरत असेल, तर गाडी आपली आयडलिंगची सवय विसरलीय. थोडी चालवली की बहुतेक गाड्या परत शिकतात. घड्याळ मात्र तुम्हालाच लावावं लागेल. माझं अजून बारा वाजताच अडकलंय.

आजी आणि महाल

दीड वाजता गावात पोचले. आजी ओट्यावर पिशवी घेऊन तयार बसलेली, डोळ्याला काळा चष्मा, थाट एकदम साऊथच्या हिरोचा. उशीर का झाला ते सांगितलं. ती म्हणाली, ‘त्यापरीस मढीच्या जत्रंतून गाढव घ्यायचं व्हतं. बसवलं की चाललं.’ (मढी तिथून जवळ. कानिफनाथांच्या जत्रेत खरंच गाढवांचा बाजार भरतो, चेष्टा नाही.)

चारला डॉक्टर. मी बाहेर बाकावर बसून भिंतीवरचे डोळ्यांचे तक्ते पुन्हा पुन्हा वाचत होते. वीस मिनिटांनी बोलावलं. सूज होती, जंतुसंसर्ग नव्हता. थेंब बदलले, दर दोन तासांनी घालायचे. ‘आज आणलंत ते बरं केलंत, सोमवारपर्यंत थांबायला नको होतं,’ एवढं एकच वाक्य ते जास्त बोलले. सोमवार हा शब्द मी त्या दिवशी दुसऱ्यांदा ऐकत होते.

परत जाताना पाथर्डी रोडला, नगरपासून तेरा-एक किलोमीटरवर, डोंगरावरचा तो दगडी मनोरा दिसायला लागला. चांदबीबीचा महाल. आजीने तो सत्तर वर्षं एसटीच्या खिडकीतून पाहिलाय. वर कधी गेलीच नाही. ‘शेतातली माणसं कवा जाणार वर,’ ती म्हणाली. मी गाडी वळवली.

नाव चांदबीबीचं, पण तो तिचा नाही. १५९५-९६मध्ये मुघल फौजेपासून नगरचा किल्ला लढवणारी ती शूर बाई लोकांच्या मनात इतकी बसलीय, की गावातली दुसऱ्याची इमारतही तिच्या नावावर लागली. हे खरं म्हणजे निजामशाहीतला मंत्री दुसरा सलाबतखान याचं थडगं. अष्टकोनी, तीन मजली, कमानींच्या ओळी, कबर तळघरात. आजीला मी हे सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘असंल. पर ह्यो चांदबीबीचाच म्हाल.’ विषय संपला.

वरून सगळं नगर दिसतं. ऊन उतरलं होतं, वारा सुटला होता. आजी कमानीत बसली, चष्मा काढला आणि नव्या डोळ्याने खाली बघत बसली. पाथर्डी रोडवर एक लाल एसटी मुंगीसारखी चालली होती. ‘त्यातून म्या इकडं बघायची,’ ती म्हणाली.

अंधार पडायच्या आत निघालो. चढावर, एकाकी जागी, सबंध डोंगरावर आम्ही दोघी. गाडी तासभर बंद होती. मी सीटवर बसले आणि किल्ली घातली, पण फिरवेना. आधी खाली उतरले, बॉनेट उघडलं, क्लॅम्प दोन बोटांत धरून फिरवून बघितला.

‘काय बघती?’ आजीने आतून विचारलं.

‘काही नाही गं.’

‘मंग चल की. दोन तास झालं, थेंब घालायचं हाय.’

क्लॅम्प हलला नव्हता. मी किल्ली फिरवली.